दोन लाल तुकडे

तुकडेकाका गेले त्याला आज तेवीस दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि पहिलं वाक्य खोडते. मी साहित्य शिकले. पाच वर्षं दुसऱ्यांच्या दुःखावर निबंध लिहिले, मार्कही बरे मिळाले. त्याचा आता काही उपयोग होत नाही. म्हणून साधं, घडलं तसं लिहिते.

आमचं ऑफिस आर्किटेक्टचं आहे. दुसरा मजला, तीन खोल्या. आतल्या खोलीत साहेब, मधल्या खोलीत नकाशे काढणारे दोघं, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी काका. त्यांच्यासमोर दहा फुटांवर मी. मला पत्रं लिहायला ठेवलं होतं. काका मला ‘कादंबरी’ म्हणायचे. सकाळी आले की विचारायचे, काय कादंबरी, आज किती पानं?

काका आर्किटेक्ट नव्हते. तीस वर्षांपूर्वी ते इथे नकाशे गिरवायला लागले. पुढे साहेबांच्या लक्षात आलं की या माणसासमोर लोक खरं बोलतात. मग त्यांच्याकडे एकच काम राहिलं. घर बांधायचं म्हणून जो येईल त्याच्याशी पहिली भेट काकांची. पेन्सिल कागदाला लागायच्या आधी. माणसाच्या हातात पैसे किती आणि मनात घर केवढं, या दोघांची गाठ घालून द्यायची. बहुतेकदा ती दोघं एकमेकांना ओळखतही नसत.

ते म्हणायचे, “किती आहेत ते आधी सांगा. कसं हवंय ते मग ऐकतो.”

लोक आकडा सांगताना लाजत. काकांचं म्हणणं होतं, निम्मे लोक कमी सांगतात, आपण लुबाडू म्हणून, आणि निम्मे जास्त सांगतात, आपण हसू म्हणून. ते दोघांकडेही सारखंच बघत, आणि दुसऱ्यांदा विचारत. दुसऱ्यांदा खरा आकडा यायचा.

त्या आकड्यातून ते पाणी, वीज, कुंपण, परवानगी, आमची फी असं सगळं वजा करत. उरलेल्याला बांधकामाच्या दराने भागत. मग खण उघडून पुठ्ठ्याचे तुकडे मोजून टेबलावर ठेवत. करड्या रंगाचे, चौकोनी, सगळे एका मापाचे. ते त्यांनी स्वतः कापलेले. एक तुकडा म्हणजे पाच फूट बाय पाच फूट जागा. एक माणूस पाय पोटाशी घेऊन झोपेल एवढी. तुमच्या पैशांत इतके तुकडे येतात, आता तुम्हीच मांडा तुमचं घर, असं सांगून ते तो ढीग पुढे सरकवत.

पण करड्या तुकड्यांच्या आधी लाल. दहा करड्यांमागे एक लाल तुकडा ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत आणि झाकण लावत. त्याला ते जमिनीचा वाटा म्हणत. खाली काय आहे ते तिलाच माहीत, तिने मागितला तर द्यायचा, नाही मागितला तर शेवटी तुमचा तुम्हाला परत, फरशी जरा बरी घाला. डब्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. एक व्यापारी एकदा फारच मागे लागला, तेव्हा काकांनी त्याला डबा उघडून त्याचे लाल तुकडे दिले आणि त्याचं काम घेतलं नाही. दुसरीकडे जा म्हणाले.

लोक तुकडे मांडायला लागले की भांडणं सुरू व्हायची. सासूची खोली लहान की सुनेचं स्वयंपाकघर लहान. गाडीला जागा की आजोबांना. त्या वेळी काका खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसत. पाठ घरच्यांकडे. कितीही आवाज चढो, वळायचे नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, घर इथे भांडून घ्यावं, नंतर भिंतीशी भांडता येत नाही. आणि भांडताना माणसाला प्रेक्षक नको असतो. मांडून झालं की घरचे म्हणायचे, “काका, झालं.” मग ते वळत.

अधूनमधून पाठमोरेच बोलायचेसुद्धा. एका गृहस्थांना पाहुण्यांसाठी सहा तुकड्यांची खोली हवी होती. खिडकीकडून आवाज आला, पाहुणे वर्षातून किती दिवस येतात? सहा. मग त्यांना हॉटेलात ठेवा, स्वस्त पडेल, आणि परत यायचेही नाहीत. त्या गृहस्थांची बायको इतकी हसली की खोली रद्द झाली.

आणखी एक आले होते, ते म्हणाले, आम्ही अंथरूण पाहून पाय पसरणारी माणसं. काका म्हणाले, सगळे असंच म्हणतात. प्रत्यक्षात पाय आधी पसरतात, मग अंथरूण खाली ओढतात, आणि डोकं उघडं पडतं.

काकांचं स्वतःचं घर नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या. काकू असताना सुट्टीच्या दिवशी दोघं पलंगावर तुकडे मांडायची, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. काकूंना खिडकीला लागून बसायची जागा हवी होती, आत अर्धी, बाहेर अर्धी. दर वर्षी दोन तुकडे कमी पडायचे. पगार वाढला की दरही वाढायचा. मग काकू गेल्या. हे सांगून त्यांनी मला एका पत्रातली चूक दाखवली, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या वर्षी मामी आल्या.

मामी शिवणकाम करतात. त्यांचे यजमान पोस्टमन होते. सगळा भाग त्यांना टपालमामा म्हणायचा, म्हणून त्या मामी. मामांनी एकतीस वर्षं दारोदार पत्रं वाटली. निवृत्त झाले आणि दीड वर्षात अर्धं अंग गेलं. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. दोन वर्षं मामा खाली उतरले नव्हते. मामींनी शहराच्या कडेला जमिनीचा लहानसा तुकडा घेऊन ठेवला होता. मामांचा फंड आणि त्यांची स्वतःची शिलाईची शिल्लक, एवढ्यात एकमजली घर. बाकी काही नाही. मामांचे पाय जमिनीला लागले पाहिजेत.

काकांनी हिशेब केला. वीस करडे, दोन लाल. लाल डब्यात गेले.

मामी एकट्या होत्या, भांडायला कुणी नव्हतं, तरी काका खिडकीकडे वळले. मामींनी खांद्यावरची टेप काढून टेबलावर ठेवली. मामांची खोली सहा तुकडे, कारण चाकांची खुर्ची फिरली पाहिजे. न्हाणीघर दोन, तेही खुर्चीसाठीच. स्वयंपाकघर चार. निजायला चार. मशिनला चार. झाले वीस. मग त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

मामांना पडवी हवी होती. रस्त्याकडे तोंड करून, एक बाक मावेल एवढी. दोन तुकडे. पत्रं घेऊन कुणी आलं तर त्यांना दारात बसून घ्यायची होती. जन्मभर दिली, एकदा घ्यायची होती.

मामींनी मशिनच्या खोलीतले दोन उचलले, पुढे ठेवले. परत मागे ठेवले, कारण मशिनवर घर चालतं. न्हाणीघरातला एक उचलला. खुर्ची वळेना. स्वयंपाकघरातला उचलला. असा अर्धा तास गेला. कापड कमी असलं की मी बाह्या आखूड करते, त्या स्वतःशीच म्हणाल्या, पण इथे बाह्याच नाहीत. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, “काका, झालं. पडवी नको.”

काका वळले. टेबलावरची मांडणी त्यांनी पाहिली. मग डब्याचं झाकण काढलं, दोन लाल तुकडे घेतले आणि मामांच्या खोलीपुढे ठेवले.



ते मी पाहिलं. दहा फुटांवरून. मला ते फार आवडलं. वाचलेल्या गोष्टींत अशाच ठिकाणी काहीतरी चांगलं घडतं. काकांनी साहेबांकडे जाणाऱ्या तक्त्यात लिहिलं, तुकडे बावीस, राखीव दोन. इतक्या वर्षांत त्यांनी कधी राखीवशिवाय तक्ता लिहिला नव्हता, आणि तसा तक्ता साहेबांनी पुढे जाऊ दिला नसता. मी त्यावरून पत्र टाइप केलं. राखीव दोन. मला ठाऊक होतं की डबा रिकामा आहे.

तीन महिन्यांनी पाया खणायला सुरुवात झाली. त्याच आठवड्यात काकांना ताप आला आणि ते चार दिवस घरी राहिले. तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा फोन आला. सगळ्या जागेखाली जुना खड्डा निघाला होता. कुणीतरी कधीतरी माती काढून नेली होती आणि विटांच्या तुकड्यांनी, राखेने तो बुजवला होता. पक्की जमीन लागायला पाया चार फुटांऐवजी नऊ फूट न्यावा लागणार होता. खणू की थांबू, असं तो विचारत होता. मजूर उभे होते.

साहेब दुसरीकडे निघाले होते, हात दाराच्या कडीवर. त्यांनी मला विचारलं, “त्या घराला राखीव आहे ना?”

फाइल माझ्यासमोर उघडी होती. मी म्हणाले, “फाइलीत दोन आहेत, सर.”

या वाक्यात खोटं काही नव्हतं. मी ते नंतर पुष्कळदा तपासलं आहे. काकांचं नाव पुढे यायला नको, उद्यापरवा ते येतील, ते बघतील, असं माझ्या मनात होतं. साहेबांनी कंत्राटदाराला सांगितलं, मग भर सगळा. उरलेलं जरा आवळून बसवू. काका परत आले तोवर बावीसच्या बावीस तुकड्यांचा पाया नऊ फुटांवरून भरत आला होता.

त्याच वेळी थांबलो असतो तर घर लहान करता आलं असतं. मशिनची खोली गेली असती, पडवी गेली असती, पण सोळा तुकडे उभे राहिले असते. आता जमिनीखालीच इतका पैसा गेला होता की वर भिंती आणि छप्पर दहा तुकड्यांचंच निघत होतं. हा हिशेब काकांनी माझ्यासमोर केला. दोनदा केला. मी त्यांना फोनचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला.

“तू कागद वाचलास,” ते म्हणाले. “लिहिला मी.”

मग ते आत गेले आणि साहेबांना सगळं सांगून आले. साहेबांनी आमची फी सोडली. तीस वर्षांत एकदा चूक झाली, असं ते काकांना म्हणाले. काका म्हणाले, एकदाच पुरते.

दुपारी आम्ही दोघं मामींकडे गेलो. चोपन्न पायऱ्या. काका प्रत्येक वळणावर थांबून कठड्यापासून भिंतीपर्यंत वीत टाकून रुंदी बघत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मामा खिडकीशी बसले होते. रस्त्यावर नवा पोस्टमन चालला होता आणि मामांना तो कुठल्या दारात थांबणार हे त्याच्या आधी कळत होतं. मामी मशिनवर होत्या. काकांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. ते दोन तुकडे माझे नव्हते, तुमचेही नव्हते, जमिनीचे होते. मी ते द्यायला नको होते.

मामींनी मशिन थांबवलं. हातातलं कापड उलटं करून शिवणीची आतली बाजू वर धरली.

“काका, मी चाळीस वर्षं शिवते आहे. शिवणीच्या आत दोन बोटं कापड सोडावं लागतं. दिसत नाही, पण सोडावं लागतं. सगळं बाहेर काढलं की पहिल्या धुण्यात उसवतं. ते लाल काय होते ते मला तुम्ही डब्यात टाकलेत तेव्हाच कळलं होतं.” त्यांनी कापड खाली ठेवलं. “तरी घेतले मी.”

 मग मामा बोलले. त्यांचे शब्द जड येतात, नीट ऐकावं लागतं. म्हणाले, आयुष्यभर लोकांच्या दारात उभा राहिलो, आणि स्वतःचं दार यायच्या वेळी पत्ता चुकला. बोलून ते स्वतःच हसले. त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसते.

काकांनी पिशवीतून बावीस तुकडे काढले आणि शिवणाच्या टेबलावर मांडले. त्यातले बारा उचलायचे होते. मामींनी उचलले. निजायची खोली गेली. मशिनची खोली गेली. स्वयंपाकघराचे चार होते, त्यातले दोन गेले. मामांची खोली आणि न्हाणीघर राहिलं. मशिन आणि पलंग मामांच्याच खोलीत. पडवीचे दोन लाल तुकडे मामींनी सगळ्यांत शेवटी उचलले आणि काकांकडे न देता मशिनच्या खणात टाकले. हे सगळं होत असताना काका खिडकीकडे वळले नाहीत. एकेक तुकडा जाताना बघत राहिले.

त्यानंतर काका रोज ऑफिसच्या आधी तिकडे जाऊ लागले. भिंतींवर पाणी मारायला वेगळा माणूस परवडत नव्हता, ते स्वतः मारायचे. बूट ओले घेऊन ऑफिसात यायचे. मी एकदा म्हटलं, काका, पुरे आता. तर म्हणाले, सिमेंटला माझी दया येत नाही, तेवढंच बरं वाटतं. कामात मात्र ते सावकाश झाले. लाल तुकडे तीन तीनदा मोजायचे. डबा हलवून आवाज ऐकायचे. एका जोडप्याला त्यांनी दहामागे एकऐवजी तीन लाल काढायला लावले, ती दोघं रागावून उठून गेली. 

मामींनी आपल्या दोन मशिनांपैकी एक विकलं, त्यातून दरवाजे आले. दहा तुकड्यांवर छप्पर पडलं. बाकीचे बारा नुसतंच जोतं, उघडं, गुडघ्याएवढं उंच. मामांना खाली आणायचा दिवस ठरला. जिन्याचं माप काकांच्या वहीत होतं. खुर्ची कुठल्या वळणावर तिरकी करायची, कुणी कुठे धरायचं, तेही त्यांनी लिहून ठेवलं होतं.

तो दिवस यायला अकरा दिवस होते. दुपारी बाराच्या सुमारास एक कुटुंब आलं, मुलगा, सून आणि मुलाची आई. काकांनी लाल काढले, डबा बंद केला, अठरा करडे मोजून दिले आणि खिडकीकडे वळले. घरच्यांचं जिन्यावरून जुंपलं. आईला जिना घरातून हवा होता, सुनेला बाहेरून. आईचं म्हणणं, बाहेरून जिना म्हणजे तुम्ही कधी येता कधी जाता ते कळायचं नाही. सून म्हणाली, म्हणूनच. मी पत्र लिहिता लिहिता ऐकत होते. हसूही येत होतं. काका पाठमोरे होते, हात खुर्चीच्या हातांवर. मला वाटलं, ऐकत नसल्यासारखे ऐकतायत. त्यांनी अजून एकही टोला कसा मारला नाही, एवढंच मनात येऊन गेलं.

वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांचं जमलं. सून म्हणाली, “काका, झालं. बरोबर अठरा.”

ते वळले नाहीत. तिने पुन्हा म्हटलं.

मी माझ्या जागेवरून म्हणाले, “काका, कादंबरी संपली. वळा आता.”

डॉक्टर म्हणाले, बसल्या बसल्या, बहुधा सुरुवातीलाच. म्हणजे जिन्याचं भांडण चाललं होतं तेव्हा ते नव्हतेच. तिघं माणसं एका गेलेल्या माणसाच्या पाठीमागे घर मांडत होती, आणि मी दहा फुटांवर होते.

मामांना ठरल्या दिवशी खाली आणलं. मी वही घेऊन पुढे चालत होते आणि वाचून सांगत होते, इथे डावीकडून उचला, इथे तिरकी. वही बरोबर होती. कुठेही खुर्ची भिंतीला लागली नाही. घरी पोचल्यावर मामांनी आत जायच्या आधी पडवीवर बसायचं म्हटलं. पडवी म्हणजे उघडं जोतं. चार बांबूंवर मामींनी जाड कापड शिवून ताणलं होतं, टोकांना दुहेरी शिवण घालून. त्याच्या सावलीत खुर्ची ठेवली. मामांनी चांगला पाय खाली सोडला. तो जोत्यालाही पोचत नव्हता, मग मी त्यांच्या पायाखाली एक वीट सरकवली. ते रस्त्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, काका कुठे आहेत?

मामींनी त्यांना सांगितलं नव्हतं. खाली येतील तोवर नको, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या आत मशिनपाशी उभ्या राहिल्या. मी सांगितलं.

मामांनी पायाने खालची वीट चाचपली. मग म्हणाले, “त्यांच्या नावाचं पत्र आलं तर इथे आणून दे.”

मी हो म्हणाले. काकांना कुणी पत्र लिहीत नसे.

गेल्या आठवड्यात मामी ऑफिसात आल्या. त्यांनी पदराच्या गाठीतून दोन लाल तुकडे काढले आणि माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, हे डब्यातले. मी झाकण उघडून आत टाकले. आवाज झाला.

साहेबांनी मला काकांच्या टेबलावर बसायला सांगितलं आहे. जमेल तेवढे दिवस, दुसरं कुणी मिळेपर्यंत. मी आधी लाल काढते. मग करडे मोजते, पुढे सरकवते. काकांचं वाक्य मला पाठ आहे, किती आहेत ते आधी सांगा. लोक मला दुसऱ्यांदाही खोटंच सांगतात. तिसऱ्यांदा विचारावं लागतं.

भांडणं सुरू होतात. खुर्ची फिरते, खिडकी तिथेच आहे. पण मी वळत नाही. लोकांना ते आवडत नाही, एक बाई तर म्हणाल्या, तुम्ही जरा तिकडे बघा ना. मी माफी मागितली आणि त्यांच्याकडेच बघत राहिले.